विरोधक की खलनायक?

कथा, नाटक किंवा चित्रपट यांत नायकाच्या विरुद्ध उभे राहणारे पात्र नेहमीच दुष्ट असते का? प्रस्तुत पाठात ‘शाहनाम्या’तील रुस्तम-सोहराबची कथा, प्रेमचंदांची ‘पंच परमेश्वर’ ही कथा आणि ‘अनारकली’ हे उर्दू नाटक यांच्या आधाराने या प्रश्नाचा विचार केला आहे.

ससा आणि कासव यांची गोष्ट तुम्ही अगदी लहानपणापासून ऐकत आला आहात. शर्यत लागली, ससा वाटेत झोपला आणि कासव जिंकले. या गोष्टीत ससा कासवाच्या विरुद्ध आहे. तो हरला की आपल्याला आनंद होतो. पण सशाने असे कोणते पाप केले? त्याने कासवाच्या वाटेत काटे पसरले नाहीत. त्याला खड्ड्यात ढकलले नाही. थोडी बढाई मारली आणि झाडाखाली डुलकी काढली, एवढेच.

आता माकड आणि मगर यांची गोष्ट आठवा. नदीकाठच्या झाडावरचे माकड मगरीला रोज गोड जांभळे खायला देत असे. एके दिवशी मगरीने त्याला जेवणाचे आमंत्रण दिले, पाठीवर बसवले आणि भर पाण्यात नेले. तिच्या मनात त्याचे काळीज खाण्याचा बेत होता. ज्याने खाऊ घातले त्याच्याच जिवावर ती उठली.

ससाही विरुद्ध आणि मगरही विरुद्ध. तरी दोघांना आपण एकाच पंक्तीत बसवत नाही. लहान मुलालाही हा फरक कळतो. मात्र गोष्टी मोठ्या होतात, पात्रे वाढतात, तसा तो आपल्या हातून निसटतो. वर्गात एखादी कथा शिकवून झाली आणि “या कथेतील खलनायक कोण?” असे विचारले, की मुले चटकन नायकाशी भांडणाऱ्याचे नाव सांगतात.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. नायकाच्या समोर उभा राहतो तो प्रतिनायक. ‘प्रति’ म्हणजे समोरचा, उलट बाजूचा. प्रतिबिंब, प्रतिध्वनी, प्रतिस्पर्धी हे शब्द तुम्हांला ठाऊक आहेत. प्रतिनायकाला आपण साध्या भाषेत विरोधक म्हणू. उर्दूत तुम्ही ‘हरीफ’ म्हणता, त्याच्या जवळचा हा अर्थ आहे. दुसरा शब्द खलनायक. ‘खल’ किंवा ‘खळ’ म्हणजे दुष्ट. हा शब्द मराठीत फार जुना आहे. संत ज्ञानेश्वरांनी इ. स. १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली. तिच्या शेवटच्या पसायदानात त्यांनी खळांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनातला वाकडेपणा जावो असे मागितले. म्हणजे दुष्टपणा मनात असतो, हे त्यांनी किती नेमके ओळखले होते! विरोध मात्र मनात असतोच असे नाही. तो पुष्कळदा माणूस कोठे उभा आहे यावर ठरतो.

हे नीट समजण्यासाठी आपण एक थोर कथा पाहू. इराणचा महाकवी फिरदौसी याने इ. स. १०१० च्या सुमारास ‘शाहनामा’ हे महाकाव्य पूर्ण केले. सुमारे ५०,००० शेरांच्या या ग्रंथात इराणच्या जुन्या राजांच्या आणि वीरांच्या कथा आहेत. त्यांतील रुस्तम आणि सोहराब यांची कथा तुमच्यापैकी अनेकांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल.

रुस्तम हा इराणचा सर्वांत मोठा पहिलवान. एकदा तो शिकारीला गेला असताना त्याचा लाडका घोडा रख्श चोरीला गेला. त्याच्या शोधात तो समंगान नगरीत पोहोचला. तेथील राजकन्या तहमीना हिच्याशी त्याचा विवाह झाला. परत निघताना त्याने तिला एक मौल्यवान खडा दिला. मुलगा झाला तर हा खडा त्याच्या दंडावर बांध, असे सांगून तो इराणला निघून गेला.

तहमीनेला मुलगा झाला. तोच सोहराब. तो लहान वयातच इतका बलवान झाला, की बरोबरीची मुले त्याच्याशी झुंजायला धजत नसत. आपले वडील कोण, हे त्याने आईला विचारून घेतले आणि त्याच्या मनात मोठा बेत शिजू लागला. इराणवर चालून जायचे, तेथील बादशहा कैकाऊस याला खाली उतरवायचे आणि वडिलांना गादीवर बसवायचे! वडिलांना न पाहिलेल्या पोराचा हा बेत. त्यात आडदांडपणा आहे, पण खोट नाही.

इराणचा हाडवैरी तुराण देश. तेथील बादशहा अफ्रासियाब याच्या कानावर ही वार्ता गेली. तो हसला. त्याने सोहराबला फौज दिली, नजराणे पाठवले आणि आपले दोन सरदारही सोबत दिले. त्या सरदारांना मात्र गुप्त हुकूम होता. बापलेकांची ओळख पटू द्यायची नाही. सोहराबच्या हातून म्हातारा रुस्तम मारला गेला, की मग एखाद्या रात्री झोपेत सोहराबचाही काटा काढायचा. आणि रुस्तमच्या हातून सोहराब मेला, तर रुस्तमचे काळीज आपोआपच फाटेल.

येथे जरा थांबू या. अफ्रासियाब सोहराबच्या विरुद्ध आहे का? वरवर पाहिले तर मुळीच नाही. तो त्याचा मदतनीस आहे. फौज त्याची, घोडे त्याचे, सोने त्याचे. सोहराबशी तो कधी लढत नाही, रणांगणावर येतसुद्धा नाही. तरीही साऱ्या कथेत खरा दुष्ट कोणी असेल तर तो हाच. समोर येऊन तलवार उगारणाऱ्यापेक्षा पाठीवर हात ठेवणारा अधिक घातकी असू शकतो, हे फिरदौसीने हजार वर्षांपूर्वी दाखवून दिले.

पुढची कथा वाचताना मन कासावीस होते. तहमीनेने आपल्या भावाला सोहराबबरोबर पाठवले होते, कारण तो रुस्तमला ओळखत होता. पण लढाईच्या आदल्या रात्री रुस्तम वेष पालटून शत्रूच्या छावणीत टेहळणीला आला आणि अंधारात त्याच्याच हातून हा मामा मारला गेला. ओळख पटवणारा एकुलता एक माणूस गेला. सकाळी सोहराबने हुजीर नावाच्या इराणी कैद्याला टेकडीवर नेले आणि एकेक तंबू दाखवत विचारले, “हा कोणाचा? तो कोणाचा?” हिरवा तंबू रुस्तमचा होता. हुजीरला ते ठाऊक होते. तरी तो म्हणाला, की चीनमधून कोणी नवा सरदार आला आहे, त्याचा तो तंबू असावा. या दणकट पोराला रुस्तमची जागा कळली, तर तो त्याला मारील आणि इराण उघडे पडेल, अशी त्याला भीती वाटली. हुजीर खोटे बोलला. त्या एका खोट्याने घात झाला. पण तो दुष्ट होता असे आपण म्हणू का? आपला वीर वाचावा म्हणूनच तो खोटे बोलला.

मग बापलेक समोरासमोर आले. सोहराबला आतून काहीतरी वाटत होते. “तुम्ही रुस्तम तर नाही ना?” असे त्याने विचारलेही. रुस्तमने नाही म्हटले. दोघे शस्त्रांनी लढले, कोणी हटेना. दुसऱ्या दिवशी कुस्तीत सोहराबने रुस्तमला पाठीवर पाडले आणि खंजीर काढला. तेव्हा रुस्तमने युक्ती केली. पहिल्यांदा पाडलेल्याला मारायचे नाही, दुसऱ्यांदा पाडल्यावरच मारायचे, अशी आमची रीत आहे, असे त्याने सांगितले. भोळ्या सोहराबने त्याला सोडून दिले. पुन्हा झुंज झाली. या वेळी रुस्तमने सोहराबला पाडले आणि रीतभात विसरून तत्काळ खंजीर खुपसला.

मरता मरता सोहराब म्हणाला, की तू मासा होऊन पाण्यात शिरलास किंवा तारा होऊन आकाशात गेलास, तरी माझा बाप रुस्तम तुला सोडणार नाही. रुस्तमच्या पायांखालची जमीन सरकली. सोहराबने आपले चिलखत सोडायला सांगितले. दंडावर तोच खडा होता.

आता सांगा, रुस्तम कोण? सोहराबच्या बाजूने पाहिले तर तो विरोधक आहे, यात शंका नाही. त्यानेच सोहराबला मारले. मला तो पूर्ण निर्दोषही वाटत नाही. त्याने नाव लपवले आणि कुस्तीत फसवणूक केली. हा डाग त्याला कायमचा लागला. तरीही त्याला दुष्ट म्हणायला कोणाचीही जीभ रेटत नाही. का रेटत नाही, हे पाहण्यासाठी एक सोपा उपाय आहे. गोष्ट त्या पात्राच्या तोंडून सांगून पाहायची.

रुस्तम म्हणेल, “परदेशी फौज माझ्या देशावर चालून आली. तिचा सरदार एक अनोळखी तरुण होता. माझे वय झाले होते. मी हरलो असतो तर इराण बुडाला असता. मी लढलो. कपटही केले. आणि मारल्यावर कळले, की तो माझाच मुलगा होता.” हे ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी येते. आता अफ्रासियाबला बोलू द्या. “ते बापलेक आहेत हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी त्यांना एकमेकांवर सोडले.” त्याच्या तोंडून ऐकले म्हणून ते कृत्य जराही उजळत नाही, उलट अधिकच काळे दिसते. विरोधकाची बाजू ऐकली की आपले मत थोडे तरी हलते. दुष्टाची बाजू ऐकूनही ते जागच्या जागी राहते.

दुसरी गोष्ट आपल्याच मातीतली आहे. मुन्शी प्रेमचंद यांनी १९१६ साली लिहिलेली ‘पंच परमेश्वर’ तुम्हांला माहीत असेल. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी हे जिवलग मित्र. जुम्मनच्या म्हाताऱ्या मावशीने, म्हणजे खालाने, आपली मालमत्ता त्याच्या नावे केली आणि त्यानंतर तिचे हाल सुरू झाले. तिने पंचायत बोलावली आणि अलगूलाच पंच नेमले. अलगूने मित्राच्या विरुद्ध निकाल दिला. त्या दिवसापासून जुम्मन त्याचा वैरी झाला. येथे गंमत पाहा. अलगू जुम्मनचा विरोधक झाला तो न्यायाने वागल्यामुळे! पुढे बैलाच्या किमतीवरून अलगू आणि समझू साहू यांचा तंटा झाला. तेव्हा साहूने मुद्दामच जुम्मनला पंच निवडले. सूड घेण्याची आयती संधी जुम्मनच्या हातात होती. पण पंचाच्या जागेवर बसताच त्याला जबाबदारीची जाणीव झाली आणि त्याने अलगूच्या बाजूने निकाल दिला. जुम्मनने मावशीशी वाईट वर्तन केले होते, हे खरेच. मात्र तो वाईट वागला असला, तरी आतून सडलेला नव्हता. एखाद्याचे कृत्य वाईट असणे आणि तो माणूसच दुष्ट असणे, यांतही अंतर आहे. ‘जंजीर’ या १९७३ सालच्या चित्रपटातील शेरखानही आधी नायकाशी हातघाईवर येतो आणि मग त्याचा जिवाभावाचा दोस्त होतो. दुष्ट ठरतो तो तेजा.

आता आपण आग्ऱ्याच्या आणि लाहोरच्या महालांकडे वळू. इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली ‘अनारकली’ हे उर्दू नाटक लिहिले. शहजादा सलीम आणि कनीज अनारकली यांचे प्रेम, आणि त्या प्रेमाच्या आड येणारा बादशहा अकबर, असा त्याचा विषय आहे. याच कथेवर के. आसिफ यांनी ‘मुघल-ए-आझम’ हा चित्रपट काढला. तो १९६० साली मुंबईच्या मराठा मंदिरात झळकला आणि अकबराच्या भूमिकेतील पृथ्वीराज कपूर यांचा भारदस्त आवाज लोकांच्या कायमचा स्मरणात राहिला.

या कथेत अकबराइतका बलाढ्य विरोधक दुसरा नाही. तो सलीमला अडवतो, अनारकलीला कैदेत टाकतो, मुलाविरुद्ध फौज घेऊन उभा राहतो. पण तो हे सारे मौजेखातर करीत नाही. एका बाजूला नवसासायासाने झालेला मुलगा, दुसऱ्या बाजूला राज्य. त्या दोहोंमध्ये तो भरडला जातो. चित्रपटात तर अनारकलीच्या आईला पूर्वी दिलेला शब्द तो पाळतो आणि अनारकलीला भुयारातून गुपचूप जाऊ देतो. जगाच्या दृष्टीने निर्दय ठरणे तो पत्करतो. दुष्टपणा पाहायचा असेल तर नाटकातील दिलआराम या दासीकडे पाहा. तिच्या हाती ना सत्ता ना सैन्य. आहे तो केवळ मत्सर. मला जे मिळाले नाही ते तिलाही मिळू नये, एवढ्यासाठी ती कारस्थान रचते. बादशहाचा दरारा एवढा मोठा आहे, की त्याच्या सावलीत उभी असलेली ही दासी पहिल्या वाचनात नजरेतून सुटते.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. अनारकलीची कथा ही कथाच आहे. जहांगीरच्या आत्मचरित्रात तिचा उल्लेख नाही. पण त्याच आत्मचरित्रात त्याने दुसरी एक गोष्ट कबूल केली आहे. शहजादा असताना त्याने अकबराचा विद्वान मित्र अबुल फजल याची वाटेत हत्या करवली. ते साल होते १६०२. कथेतला कोवळ्या मनाचा प्रेमिक सलीम तो हाच. म्हणजे नायक असला की सज्जन, हे गणितही बरोबर नाही. शेक्सपिअरने तर ‘मॅकबेथ’ या नाटकात खुनी राजालाच मध्यभागी ठेवले. तेथे त्याच्याशी लढणारा मॅकडफ विरोधक आहे आणि न्यायही त्याच्याच बाजूला आहे.

म्हणून कथा वाचताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. कोण कोणाच्या वाटेत उभा आहे? आणि जाणूनबुजून दुसऱ्याचे वाटोळे कोणाला हवे आहे? कधी दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येईल. पुष्कळ चित्रपटांत तसेच येते, आणि तसे चित्रपट आपण घरी येईपर्यंत विसरतो.

रुस्तम-सोहराबच्या कथेत एक पात्र मात्र या दोन प्रश्नांनीही नीट हाती लागत नाही. तो म्हणजे इराणचा बादशहा कैकाऊस. सोहराब जखमी होऊन पडला, तेव्हा त्याच्या श्वासांत धुगधुगी होती. कैकाऊसच्या खजिन्यात नोशदारू नावाचे औषध होते. कोणतीही जखम भरून काढणारे. रुस्तमने निरोप धाडला, की माझ्या सेवेची आठवण ठेवून थोडे औषध पाठवा. कैकाऊसने विचार केला. एकटा रुस्तम डोईजड होतो आहे. त्यात असा मुलगा मिळाला तर माझी गादी राहील का? त्याने औषध दिले नाही.

सोहराबला मारावे असे त्याच्या मनात कधी नव्हते. त्याने कट रचला नाही, फौज धाडली नाही. तो केवळ घाबरला आणि हात आखडून बसला. काही जण म्हणतात, हा भित्रा आहे. काही म्हणतात, देता येत असताना औषध न देणे हाही खूनच. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, पण पहिल्या बाजूला काही म्हणायचेच नाही असे नाही. त्याच्या तोंडून गोष्ट सांगून पाहा, म्हणजे अडचण कळेल.

शेवटी रुस्तम स्वतःच औषधासाठी निघाला. थोडे अंतर गेला नाही तोच मागून माणूस धावत आला. सोहराब गेला होता. फारसीत तेव्हापासून ‘सोहराबच्या मृत्यूनंतरची नोशदारू’ अशी म्हण पडली. मराठीत अशा वेळी आपण म्हणतो, बैल गेला आणि झोपा केला.

शब्दार्थ
एका पंक्तीत बसवणे – सारखे समजणे. धजणे – धाडस करणे. हाडवैरी – कट्टर शत्रू. टेहळणी – लपून पाहणी. काटा काढणे – ठार करून अडथळा दूर करणे. जीभ न रेटणे – बोलण्याचे धाडस न होणे. धुगधुगी – थोडासा उरलेला जीव. डोईजड होणे – आवाक्याबाहेर जाणे. हात आखडणे – देण्याचे टाळणे. झोपा – गोठ्याचे दार.

स्वाध्याय
१. अफ्रासियाबने सोहराबला मदत केली, तरी लेखक त्याला दुष्ट का म्हणतो?
२. हुजीरने हिरव्या तंबूविषयी खोटे का सांगितले? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते?
३. जुम्मन शेखच्या तोंडून ‘पंच परमेश्वर’ची गोष्ट दहा ओळींत सांगा.
४. ‘प्रति’ हा उपसर्ग लावून पाच शब्द लिहा व वाक्यांत वापरा.
५. वर्गात दोन गट करा. कैकाऊस दुष्ट होता, असे एका गटाने आणि तो केवळ भित्रा होता, असे दुसऱ्या गटाने मांडावे.